पद्माचा पेपर आणि माझा माळा

भांड्यांच्या दुकानात धूळ आणि किस्से न मागता साठतात. त्यात लेक कॉम्प्युटर आर्किटेक्चर शिकायला लागली, मग तर विचारूच नका!

कुंभकोणमला माझं पितळेचं दुकान, मागे घर. मी दहावीपर्यंत शिकलो, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. पद्माचा हा एकच पेपर दोनदा राहिला. यंदा गेला तर डिग्री अडकणार, ठरलेली नोकरीही!

*

ती काउंटरशी बसून वाचायची. "अप्पा, सारखं लागणारं प्रोसेसर जवळ ठेवतो, बाकीचं लांब."

"मी कॉफीचे फिल्टर काउंटरवर आणि हंडे माळ्यावर ठेवतो, तसंच ना?"

"अगदी तसंच!"

"मग कॉलेजला कशाला पाठवलं तुला?"

*

एक धडा मात्र तिच्या डोक्यात शिरेना. हुकूम नक्की व्हायच्या आधीच प्रोसेसर अंदाजाने कामाला लागतो. अंदाज चुकला, की केलेलं मोडून पुन्हा सुरुवात. त्याला म्हणे 'फ्लश' म्हणतात.

"ठरायच्या आधी राबायचं कशाला?" ती वैतागली.

"गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत मी काय करतो, ते बघ."

*

दुसऱ्याच दिवशी स्वामीमलैची मंडळी गाडीतून उतरली. रेशमी साड्या, डोक्यात मोगरा. लग्नाची खरेदी! मी पद्माकडून हंडे, पराती, उभ्या समया, सगळं खाली काढवलं.

आजोबा म्हणाले, "लग्नाहून परत निघालोय. एक फिल्टर द्या."

पद्मा पोट धरून हसली. "अप्पा, फ्लश!"

सगळं तिनेच परत वर चढवलं, आणि धडा डोक्यात पक्का बसला. त्या आजोबांचं नाव विचारायचं राहिलं. रोज दिवा लावताना त्यांच्यासाठी हात जोडतो.

*

मैत्रीण सेल्वी तिला शिकवायला चोळपुरमहून बसने यायची. तिने चप्पल काढेपर्यंत कॉफी समोर!

"मामी, तुमचा अंदाज कसा चुकत नाही?"

"रोज येणारीचा अंदाज चुकेल कसा?" आमची ही, पद्माची आई, म्हणाली. त्या पोरीचे उपकार कसे फेडावेत!

*

निकाल बघायला पद्मा सेल्वीकडे गेली. "फोन करू नका, येऊनच सांगते."

हिने शेवयांची खीर केली होती. कोपऱ्यावर पद्मा दिसली. मान खाली, एक पाय फरफटत. उभा जन्म चेहरे वाचण्यात गेलेला माझा!

"गेला पेपर! अगं, खीर दिसली तर पोरीला रडू येईल." मीच पातेलं घेऊन शिडी चढलो, हंड्यांमागे लपवलं, शिडी बाजूला केली.

पद्मा दारात आली. पट्टा तुटलेली चप्पल हातात.

"पास झाले, अप्पा!"

मी उपरण्याने डोळे पुसतोय, तोवर तिने वास घेतला. आईकडे पाहिलं, माळ्याकडे पाहिलं. मग शिडी आणून माझ्यापुढे टेकवली.

"फ्लश!"