कांड्या भरतो

"मी येतो, सर," मी म्हटलं.

खोलीत सात-आठ जण होते. साहेबानं मान वर केली अन् चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "येतो? अहो, तुम्ही मुलगा आहात की मुलगी?"

सगळे हसले. टायपिस्ट बाई तोंडाले पदर लावून हसली. साहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. "आणि मघाशी काय म्हणालात? 'मले माहीत नाही.' मले म्हणजे काय, मळ? इथे परदेशी पाहुणे येतात. ही भाषा फाटकाबाहेर ठेवून आत यायचं."

अन् मी पण हसली. हे लिहिताना आजही हात थांबते. बाकीच्यायनं हसावं, ठीक आहे. मी काहून हसली? चांगली दात काढून हसली, गंमत दुसऱ्याच कोणाची चालली असल्यासारखी. वरून म्हटलं, "सॉरी सर. येते."

नुकतंच अर्थशास्त्रात एमए झालं होतं माझं. आमच्या गल्लीतली पहिलीच. नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यात परदेशी विकास संस्थेचं ऑफिस होतं, तिथं मी सहा महिन्यांसाठी ट्रेनी लागली. कागदावर लिहिलं होतं, 'प्रशिक्षणार्थी, अर्थशास्त्र व समन्वय'. माझ्या बापानं गावी, उमरेडात, खाटेवरूनच तो कागद दहा जणाले वाचून दाखवला. समन्वय म्हणजे काय, हे मले शेवटपर्यंत समजलं नाही. फाइल या खोलीतून त्या खोलीत न्यायची, ट्रंक कॉल लावून द्यायचा, दिल्लीच्या मुख्य ऑफिसातून मॅडम येणार असल्या की स्टेशनवर जीप गेली का ते पाहायचं. पण सहा महिने नीट काढले तर कायम करू, असं साहेब म्हणाले होते. मले ते कायम होणं पाहिजे होतं. त्याच्यापुढं मले दुसरं काहीच दिसत नव्हतं.

साहेब म्हणजे तिथले समन्वयक. पुण्याचे. बोलणं एकदम गोड. पहिल्याच आठवड्यात मले विचारलं, "तुमच्या आडनावावरून काही कळत नाही हो." त्यायले काय कळाले पाहिजे होतं, ते मले बरोबर कळलं. माझ्या बापानं छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, अन् त्या दिवसापासून कोणासमोर मान खाली घातली नाही. मी त्याची पोरगी. मी सांगितलं, "वडील कापडाच्या व्यवसायात आहेत."

व्यवसाय! उमरेडले आमच्या एका खोलीत एक हातमाग होता. बाप दोन वर्षांपासून दम्यानं खाटेवर होता. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून माझी माय बसे. तीच कांड्या भरे, तीच विणे. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. दिवसाले शंभर-शंभर भरा लागतात.

त्या हसण्यानंतर मी होस्टेलच्या आरशापुढं उभी राहून घोकाले लागली. येते, जाते, करते. मला, तुला, त्याला. पंधरा दिवसांत जीभ सरळ झाली. इतकी सरळ झाली की सुटीवर घरी गेली अन् निघताना तोंडातून तेच निघालं, "माय, येते."

मायनं दाराकडे पाहिलं. "कोण येते वं?"

आमच्याकडे 'येते' म्हणजे दुसरं कोणी येते. बाई स्वतःबद्दल बोलते तर 'मी येतो, मी करतो' असंच बोलते. फक्त आमच्यातलीच नाही, कोष्ट्याची, तेल्याची, कुणब्याची, सगळ्याच बाया.  मी तशीच एसटीत जाऊन बसली.

मग ती पाहणी निघाली. संस्था उमरेडात विणकरांसाठी एक मोठी शेड बांधणार होती. पक्की, उजेडाची, नव्या मागांची. पाहणीत जे जे 'काम करणारे' निघतील, त्यायचीच नावं शेडच्या यादीत लागणार होती. उमरेडच्या दोन मास्तरायनं घरोघरी जाऊन फॉर्म भरले. पहिल्या पानावर घरातल्या मोठ्या माणसांची नावं. दुसऱ्या पानावर एकच प्रश्न. घरात दिवसभर काय काय काम चालते, ते त्यायच्याच शब्दांत लिहा. मास्तर इमानदार. कानावर पडलं ते जसंच्या तसं लिहून आणलं, एकाखाली एक. माग चालवतो. कांड्या भरतो. ताण्याले खळ लावून पांजण करतो. भाकरी टाकतो. कोण बोललं हे लिहाले फॉर्मवर जागाच नव्हती. मास्तरायले वाटलं असेल, त्यात विचारासारखं काय आहे?

फॉर्मचे गठ्ठे बंगल्यात आले. आता दुसऱ्या पानावरचं काम पहिल्या पानावरच्या नावासमोर टाकायचं होतं, त्याले तिथं कोडिंग म्हणत. कोणाच्या नावासमोर? साहेबानं युक्ती काढली. खूप खुश होते त्या युक्तीवर. कागदावर टाइप करून सगळ्यायले वाटली. क्रियापदाच्या शेवटी 'तो' असेल तर काम पुरुषाचं. 'ते' असेल तर स्त्रीचं.

"शाळेतलं व्याकरण असं कामी येतं," साहेब म्हणाले.

मी तो कागद हातात घेऊन उभी होती.  त्या अख्ख्या खोलीत एकट्या मले माहीत होतं की हे सारं उलटंपालटं होणार आहे. एक वाक्य बोलायचं होतं. सर, आमच्याकडे बाया पण 'करतो' म्हणतात. बस्, एवढंच. पण ते बोलली असती तर साहेबानं मान तिरपी करून विचारलं असतं, आमच्याकडे म्हणजे कुणाकडे? अन् मग ते कापडाच्या व्यवसायापासून सारंच निघालं असतं.

मी म्हटलं, "हो सर. करते."

दोन महिने मी तेच केलं. फॉर्मवर अन् तिथून मोठ्या तक्त्यात, पुरुषाच्या नावासमोर काम, बाईच्या नावासमोर शून्य. घरामागून घर. उमरेडचे पुरुष एकाच वेळी माग चालवून राहिले होते, कांड्या भरून राहिले होते, पाणी आणून राहिले होते, भाकरी टाकून राहिले होते, लेकराची शी-शू काढून राहिले होते. अन् त्यायच्या बायका बसून होत्या! मॅडम दिल्लीहून आल्या तेव्हा त्यायनं तो तक्ता पाहिला अन् इंग्रजीत म्हणाल्या, किती छान, इथले पुरुष स्वयंपाकही करतात. साहेब हसून म्हणाले, "त्या लोकांत असतं तसं." मी त्यायच्या चहाचे कप गोळा करून राहिली होती. कप खाली ठेवाले पाहिजे होते अन् बोलाले पाहिजे होतं. मी कप घेऊन बाहेर गेली.

अन् एक दिवस गठ्ठ्यात आमचं घर निघालं.

वर बापाचं नाव. त्याखाली मायचं. दुसऱ्या पानावर मास्तराच्या गोल अक्षरात लिहिलं होतं. माग चालवतो. कांड्या भरतो. यायले औषध पाजतो. पोरगी नागपूरले मोठ्या हापिसात आहे. 'यायले' म्हणजे बापाले; माय त्याचं नाव घेत नसे.

बाजूच्या टेबलावर टायपिस्ट बाई होती. तिनं पाहू नये म्हणून मी कागदावर हात ठेवला. मग नियमाप्रमाणे बापाच्या नावासमोर लिहिलं, विणकाम. दोन वर्षांत ज्याले खाटेवरून एकट्यानं उठता आलं नाही, त्याच्या नावासमोर. अन् मायच्या नावासमोर शून्य काढलं. चांगलं गोल काढलं.  त्याचीच सर्वात जास्त लाज आहे मले. फॉर्म मी गठ्ठ्याच्या एकदम खाली घातला.

त्या शनिवारी घरी गेली तर माय म्हणे, "ते मास्तर आले होते लिवाले. माहं नाव लागलं का वं शेडीत?"

"लागलं," मी म्हटलं.

तिनं शेजारणीले हाक मारून सांगितलं, माह्या पोरीच्या हापिसातून माहं नाव लागलं म्हणून. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. किती वेळ धुतलं, माहीत नाही.

सहावा महिना लागला. मॅडम शेवटच्या बैठकीले आल्या. लांब टेबल, त्यावर आमच्या गल्लीच्या फॉर्मचा गठ्ठा, भिंतीवर तक्ता. साहेब सांगून राहिले होते की या व्यवसायात स्त्रियांचा सहभाग जवळजवळ नाहीच, म्हणून शेडच्या यादीत पुरुषांचीच नावं आहेत. स्त्रिया रिकाम्याच असतात, त्यायच्यासाठी पुढं शिवणाचा वर्ग काढता येईल. मॅडमनं मान हलवली. मग म्हणाल्या, एखादा मूळ फॉर्म मराठीत ऐकायला आवडेल.

साहेब माझ्याकडे वळले. "वाचा हो कुठलाही एक. उच्चार नीट करा."

वरचाच फॉर्म उचलला असता तर काम झालं असतं. पण डोक्यात एकच चालून राहिलं होतं. रिकाम्याच असतात. माझी माय रिकामी! मी दोन्ही हातांनी गठ्ठा उचलला अन् खालचा फॉर्म काढला. वाचला, अन् साहेबानं एकेका ओळीचं इंग्रजी करून मॅडमले सांगितलं. माग चालवतो. कांड्या भरतो. यायले औषध पाजतो.

मॅडमनं विचारलं, हा माणूस कोणाला औषध पाजतो?

"पत्नी आजारी असेल," साहेब म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "ही बाई बोलून राहिली आहे. नवऱ्याले औषध पाजते ती. माग तीच चालवते. आमच्याकडे बाया असंच बोलतात. ही माझी माय आहे. अन् तिच्या नावासमोरचं शून्य मी काढलं आहे."

मराठीत बोलली. मग तेच इंग्रजीत सांगितलं.  तक्त्यातली सारी शून्यं खोटी आहेत म्हटलं. गठ्ठे परत काढा, सगळे फॉर्म पुन्हा तपासा.

साहेबाचा चेहरा लाल झाला, पण आवाज तसाच गोड. "मग दोन महिने गप्प का होतात? कोडिंग तर तुम्हीच केलंत."

 ते खरंच होतं. त्या बैठकीत तेवढं एक वाक्य साहेब खरं बोलले.

मॅडम चांगल्या होत्या. फार रंजक आहे हे, म्हणाल्या. पण अहवाल आठवड्यात दिल्लीला जायचा आहे, आपण एक तळटीप टाकू. तळटीप! माझी माय अन् उमरेडच्या साऱ्या बाया पानाच्या खाली, बारीक अक्षरात.

बैठक संपल्यावर साहेबानं मले खोलीत बोलावून कोरा कागद पुढं सरकवला. "लिहून द्या की प्रशिक्षणार्थीच्या अज्ञानामुळे चूक झाली. प्रमाणपत्र देऊ, पुढचंही पाहू."

मी लिहून दिलं. माहीत असून मी दोन महिने चूप राहिली, ही माझी चूक, असं लिहिलं. अन् 'तो' म्हणजे पुरुष हा नियम कोणी काढला, ते नावानिशी लिहिलं. खाली सही केली.

साहेबानं वाचलं. "हे फाडा आणि मी सांगतो तसं लिहा."

"नाही लिहीत," मी म्हटलं.

प्रमाणपत्र मिळालं नाही. कायम होणं तर राहिलंच. त्याच दिवशी उमरेडची एसटी धरली.

माय कांड्या भरून राहिली होती. मी तिच्यासमोर खाली बसली अन् सारं सांगितलं. चरखा थांबला नाही.

"शून्य म्हंजे काईच नाई ना?" तिनं विचारलं.

"हो."

"अन् तुह्या हातानं लिवलं?"

"हो."

तिनं भरलेली कांडी टोपल्यात टाकली अन् म्हटलं, "सायबानं लिवलं असतं तं मी भांडली असती. तुह्यासंगं काय भांडू?"

बापानं खाटेवर भिंतीकडे तोंड केलं.  मारलं असतं तर बरं झालं असतं.

शेड झाली. यादीत मायचं नाव नाही, गल्लीतल्या एकाही बाईचं नाही. तळटीप टाकली की नाही, ते मी पाहाले गेली नाही. याले आता चार वर्षं झाली. मी उमरेडातच शाळेत शिकवतो अन् सुटीच्या दिवशी वही घेऊन घरोघरी बसतो. बाईचं नाव, तिनं सांगितलेलं काम, खाली तिचा अंगठा. ती वही घेऊन आम्ही बाया तीन वेळा नागपूरले जाऊन आलो. तीनही वेळा त्याच बंगल्याच्या दारातून परत पाठवलं. मायनं मले माफ केलं का, मी विचारलं नाही. विचारणार पण नाही. माफी मिळाली तर मी बसून जाईन, मले माझा भरवसा नाही.

या सोमवारी चौथ्यांदा जाऊन राहिलो. या वेळी आत घेतलं नाही तर दारातच बसू. एकेका बाईनं आपलं काम आपल्या तोंडानं सांगायचं, अन् बंगल्यातल्या माणसानं ते तिच्याच नावासमोर लिहायचं. तो लिहीत असताना मी त्याच्या हाताकडे पाहत उभी राहीन.