यमुनाबाईच्या जबड्यातली सुई

आमच्या घरी लिंबू सरबतासाठी आणतात, दारावर टांगायला नाही. मी दातांचा डॉक्टर. कुणी करणी-बाधेचं काही सांगायला लागलं की आधी त्याचा ताप बघणारा. तरीही हे लिहितोय... कारण यात माझी चूक आहे, आणि ती मी बायकोलाही सांगितलेली नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. इतवारीच्या बाजारात, एका किराणा दुकानाच्या वर माझा दवाखाना. तेव्हा आम्ही सुया फेकत नव्हतो. उकळायच्या, धार गेली की दगडावर घासायच्या, पुन्हा वापरायच्या. खालचा जबडा बधिर करायचा तर सुई तोंडात पार मागे, नसेजवळ न्यावी लागते. हात नीट पोहोचावा म्हणून मी ती बुडाशी बोटाने वाकवून घ्यायचो. कॉलेजात बजावलं होतं — वाकवू नका, आणि पूर्ण आत घालू नका. तुटली तर चिमट्यात धरायला थोडी बाहेर हवी. पण वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही की माणूस ऐकलेलं विसरतो.

उमरेडची यमुनाबाई, हातमागावर लुगडी विणणारी, उजव्या दाढेसाठी आली. सुई बुडापर्यंत आत गेली आणि नेमकी तेव्हाच तिने मान झटकली. कट् — आणि सिरिंज बाहेर आली ती नुसतं बुडखं घेऊन. चिमटा घालून चाचपलं... काही लागेना. मांस मिटलं होतं.

"काय वाजलं जी?" तिने विचारलं.

"दाढ हलली," मी म्हणालो.

दाढ काढली आणि तिला एसटीला पाठवून दिलं. बस्स, एवढंच केलं मी.

महिन्याभरात माझाच उजवा जबडा धरला. तोंडात दोन बोटंही जाईनात. धंतोलीत माझा मित्र शरद याचं एक्स-रेचं मशीन होतं, त्याच्याकडे गेलो. फिल्म ओली असतानाच त्याने ती उजेडासमोर धरली.

"कोणं टोचली गा तुले ही?"

पाहतो तर सुई! उजव्या बाजूला, नसेजवळ, आणि मोडल्या टोकाशी तोच बाक... माझ्या बोटाचा. मला जन्मात कुणी जबड्यात इंजेक्शन दिलेलं नाही! शरदला काहीतरी थातूरमातूर सांगितलं आणि तसाच धावत सुटलो, उमरेडची गाडी पकडली.

यमुनाबाई मागावरच होती. दुखतं का, चावता येतं का, झोप लागते का — मी विचारतच सुटलो. तिने चांगला मोठा आ करून दाखवला आणि हसली. "मले काय झालं? तुमचंच तोंड काहून वाकडं होऊन राहिलं?"

दाढेचं मूळ राहिलं असेल, फोटो काढू, असं सांगून तिला दुसऱ्या दिवशी धंतोलीत आणलं. शरदने दोन बाजूंनी फिल्म काढल्या. दोन्ही स्वच्छ! पुन्हा पुन्हा उजेडाला धरल्या. तिथेच नाचावंसं वाटलं, आणि त्याच वेळी हात माझ्या उजव्या जबड्याकडे गेला.

तिला गाडीत बसवताना शेवटी बोललो. "बाई, त्या दिवशी दाढ नव्हती हलली. सुई तुटली होती, तुमच्या जबड्यात."

तिने उजवा गाल चाचपला. "मंग गेली कुठं?"

गाडी सुटली.

तुटलेली सुई मांसात सरकते, हे मला ठाऊक आहे. पण एका माणसातून दुसऱ्यात? याचं शास्त्र मला अजून सापडलेलं नाही. शरद इतकी वर्षं मागे लागतोय, चांगल्या सर्जनकडून काढून घे, अर्ध्या तासाचं काम आहे, काहून भिऊन राहिला? मी हसून टाळतो. यमुनाबाई अजून मागावर बसते, दोन्ही बाजूंनी भाकर चावते. मी ही सुई काढली, आणि ती परत तिच्याकडे गेली तर?