पार्टी मुंबईची, पोट अणदूरचं

कडब्याच्या गंजीतून एक पेंढी ओढावी आणि चार अंगावर याव्यात, तसं आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीच्या किश्श्यांचं आहे. एकाला तोंड फोडलं की दुसरा पुढं येतो. माझे मालक पार्टीचे साउंडवाले, मी स्वयंपाकाला. चौथी शिकलेली बाई मी, गोड करून सांगायला मला जमत न्हाय. पार्टी बब्रुवानची. त्याच्यावर हसायला म्हणून बसते आणि दर वेळी त्याला शिव्या घालत उठते.

*

दुष्काळात आम्ही सगळे खडी फोडायला होतो. बब्रुवानच्या हातात हातोडा कधी दिसायचा न्हाय. तेलाचा रिकामा डबा तोंडाला लावून तो दगडावर उभा राहायचा आणि बायांची नावं पुकारायचा. "आता येत आहेत अणदूरच्या गंगूबाई, डोक्यावर पाटी, चाल बघा राणीची!" उपाशी बाया हसत हसत पाट्या उचलायच्या.

मुकादम खवळला, हजेरी कापतो म्हणाला.

"कापा की. उद्या मी गप बसतो, मग ढीग बघा."

दुसऱ्या दिवशी तो गप बसला. तिसऱ्या दिवशी मुकादमानं स्वतः डबा आणून त्याच्या हातात दिला!

*

पुढं साखर कारखाने आले. हंगामाची पहिली मोळी टाकायच्या दिवशी ऑर्केस्ट्रा पाहिजेच, अशी हवा झाली. बब्रुवानचा झाला बी. कुमार. पांढरे बूट, काळा गॉगल. एका चेअरमननी विचारलं, पार्टी कुठली? ह्यानं बेधडक मुंबई सांगितलं. तेवढ्यात मी स्टेजमागून हाक मारली, "बब्रुवान भावजी, पिठलं-भाकरी निवायलीया, या की."

चेअरमन माझ्याकडं बघायला लागले. गडी हलला न्हाय.

"पार्टी मुंबईची साहेब, पोट अणदूरचं."

पुढच्या हंगामाची सुपारी त्यालाच मिळाली.

*

आईची शपथ तर त्याच्या तोंडात पानासारखी. एकदा नळदुर्गला गाणारी बाई आलीच न्हाय. पब्लिक खुर्च्या उचलायला लागलं. हा माईकवर, "आईशप्पत, बाई निघाल्यात, गाडी पंक्चर हाय."

त्याची म्हातारी कायम पहिल्या रांगेत. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मुडद्या, खोट्या शपथा घेऊन मला अजून किती येळा मारशील?"

गर्दीतून एक जण उठला. खरं आहे तर खंडोबाचा बेल-भंडारा उचल म्हणाला. आमच्याकडं भंडारा हातात घेऊन कुणी खोटं बोलत न्हाय. बब्रुवान गप झाला. सगळ्यांना तिकिटाचे पैसे परत दिले.

आईची शपथ चालते आणि भंडारा का न्हाय, मी नंतर विचारलं.

"आई माझी हाय वहिनी, माफ करंल. देव सगळ्या गावाचा हाय."

*

मग हायवेवरचा ढाबा त्याचं घर झाला. ट्रकवाल्यांबरोबर आधी अफूची गोळी, मग गांजा. पिणारा होता, बघता बघता विकणारा झाला. गाणाऱ्या बायांना कार्यक्रमाआधी खोकल्याचं औषध म्हणून काय पाजायचा, ते कळल्यावर मी त्याच्या पांढऱ्या बुटावर पिठल्याचं पातेलं ओतलं. तो हसत बसला. हसण्यात जीव नव्हता.

एका कार्यक्रमात स्टेजवरून खाली वाकून त्यानं पहिल्या रांगेतल्या स्वतःच्या म्हातारीला विचारलं, "आजी, कुठल्या गावाहून आलात?"

पब्लिक खदखदून हसलं. म्हातारीही हसली. पोरगं नक्कल करतंय, असं वाटलं तिला.

मी त्याचे डोळे बघितले होते.

*

मुरुम गावाला दुपारी साउंड लावताना एका स्पीकरच्या पेटीचा आवाज घोंगडीतून आल्यासारखा यायला लागला. मालकांनी पान्यानं मागची फळी खोलली. आत गांजाच्या पुड्या ठासून भरलेल्या! दुसरा कुणी असता तर कळलंही नसतं, पण ह्यांना पेटीचा आवाज पोराच्या आवाजासारखा पाठ.

मालक म्हणाले, आत्ताच्या आत्ता बाहेर काढ. बब्रुवान म्हणाला, आजचा दिवस राहू दे. दोघांची वादावादी चालली होती, तेवढ्यात पोलीस आले. कुणीतरी खबर दिली होती. फळी ह्यांच्या हातात. बब्रुवाननं सांगून टाकलं, पेट्या साउंडवाल्याच्या, माल पण त्याचाच.

दोघांनाही नेलं.

*

सकाळी मी अणदूरच्या देवळातून बेल-भंडारा पदरात बांधला आणि ठाण्यात गेले. बब्रुवानची म्हातारी मागं आली. जमादार आमच्याच भागातला. दोघांना समोर घेऊन तो जबाब लिहायला बसला होता. मी टेबलावर पदर सोडला.

"उचला भावजी. आणि म्हणा, माल ह्यांचा हाय."

मालक खाली बघत होते. मला वाटलं, नळदुर्गसारखा आता बब्रुवान गप होणार.

त्यानं मूठ भरून भंडारा उचलला. "माल साउंडवाल्याचा."

जमादारानं पेन उचललं.

म्हातारी पुढं झाली. लेकाची मूठ तिनं उघडली, पदरानं तळवा पुसला. पिवळा रंग काही जाईना, तरी पुसत राहिली.

"देवाचं मी बघते. लिवा साहेब, माल ह्याचा हाय. माझ्याच घरात भरल्या त्यानं पुड्या, मी बघितलंय."

जमादारानं विचारलं, "ही म्हातारी कोण रे तुझी?"

बब्रुवाननं स्वतःच्या पिवळ्या तळव्याकडं बघितलं.

"आई हाय," तो म्हणाला. "लिवा."