सांगू नका, करून दाखवा!

आमच्या बियाणं तपासणीच्या लॅबमध्ये बियाण्यासाठी थंड खोली आहे, किश्श्यांसाठी नाही. ते बिचारे टेबलाखाली, कपाटामागे, चहाच्या किटलीपाशी साठत राहतात. जालन्यात स्टेशनच्या बाजूला आमचं ऑफिस. लॅबच्या प्रमुख खरात मॅडम. बहुतेक किस्से त्यांच्या एका वाक्यानं सुरू होतात. "झालं ते सांगू नका, करून दाखवा!"

बाहेर कुणी 'करून दाखवीन' म्हणालं की त्यात पराक्रम असतो. आमच्याकडे अर्थ अगदी साधा. जे झालं ते, जिथं झालं तिथं, जसं झालं तसंच पुन्हा करायचं. काही हरवो, फुटो, बिघडो. मॅडमचं म्हणणं, तोंड विसरतं, हात विसरत नाहीत. आम्ही मागून हसायचो. आमच्या रामभाऊंवर प्रसंग आला तेव्हा मात्र कुणाला हसू आलं नाही. ते शेवटी सांगतो.

आमचे सय्यदभाई एकदा ओल्या फरशीवरून घसरले आणि हातातला बीकर फुटला. मॅडम म्हणाल्या, करून दाखवा. सय्यदभाईंनी नवा बीकर घेतला, तीच वाट धरली, त्याच फरशीवर आले आणि धाडकन पडले! बीकरचे तुकडे थेट मॅडमच्या चपलेपाशी.

बसल्या जागेवरून म्हणाले, "बिलकुल बराबर अस्संच झाल्तं मॅडम! आणखी एकदा दाखवू?"

तेव्हापासून काचेच्या वस्तूंना या नियमातून सूट आहे.

मॅडम स्वतःलाही सोडत नाहीत. एका सकाळी त्यांची स्कूटीची किल्ली सापडेना. पर्स उलटी केली, ड्रॉवर उपसले. शेवटी म्हणाल्या, "मी घरापासून सगळं पुन्हा करते." तशाच तरातरा निघाल्या, मस्तगडला घरी गेल्या, जिना चढल्या, उतरल्या, वाटेत केळी घेतली होती तिथं परत केळी घेतली आणि अर्ध्या तासानं घामाघूम होऊन आल्या. किल्ली नाहीच!

सय्यदभाईंनी अदबीनं विचारलं, "मॅडम, गेल्ता कशावर?"

"स्कूटीवर," मॅडम म्हणाल्या आणि तशाच बाहेर स्कूटीकडे पळाल्या. त्या दिवशी सगळ्या स्टाफला केळी मिळाली.

कुंभार पिंपळगावचे एक काका सरकी उगवली नाही म्हणून भांडायला आले होते. आवाज असा की शेजारच्या बँकेतले लोक बाहेर आले. मॅडमनी त्यांना पाणी दिलं, मूठभर सरकी दिली आणि ऑफिससमोरच्या फुलझाडांच्या वाफ्यापाशी नेलं. "काका, कशी टोकली ते करून दाखवा."

काकांनी मातीत बोट घातलं. घातलं ते पार मुळापर्यंत! मॅडमनी शेजारी आपलं बोट एका पेरापर्यंत घालून दाखवलं. काकांनी दोन्ही भोकांत पुन्हा बोट घालून पाहिलं.

मग म्हणाले, "मंग बियाण्याची चूक न्हाई ताई. आमच्या घराण्यात बोटंच लांब हायत!"

हे खूळ मी घरी नेलं, ती माझी चूक. बायकोशी भांडण झालं. तिचं म्हणणं, मी ओरडलो. माझं म्हणणं, मी नीट बोललो. म्हटलं, करून दाखव. तिनं माझा आवाज, माझं बोट नाचवणं, दार आपटणं असं काही हुबेहूब केलं, की मी दुसऱ्यांदा माफी मागितली. सकाळी एकदा मागून झाली होती.

आता रामभाऊ. लॅबमधले सगळ्यात जुने. ओल्या कागदावर दहा-दहाच्या ओळीत बिया मांडायच्या, कागदाची गुंडाळी करायची, नमुन्याचा नंबर टाकायचा आणि उगवणीच्या कपाटात ठेवायची, हे त्यांचं जन्माचं काम. महिनाअखेरीला रिटायर होणार होते. तेवढ्यात एका सोमवारी त्यांच्या हातून एक पाकीट हरवलं. आमच्याच शेतावर सात वर्षं खपून तयार केलेल्या नव्या तुरीच्या चाळीस बिया. तेवढ्याच होत्या!

मॅडम ट्रेनिंगला पुण्यात. आम्ही सगळं चाळलं, पण कचरा तोवर गाडीत गेला होता. हेड ऑफिसनं लेखी खुलासा मागितला. 'दुसऱ्या कंपनीला दिलं असंल' अशी कुजबुजही सुरू झाली. ती रामभाऊंच्या कानावर गेली आणि त्यांनी डबा उघडणं सोडलं. मला म्हणाले, "विलासराव, चोर म्हणून घरी जायचं का मी आता?"

शुक्रवारी मॅडम आल्या. साध्या तुरीच्या चाळीस बिया पाकिटात भरून त्यांच्या हातात दिल्या. "रामभाऊ, करून दाखवा."

"सतरा नंबरच्या गुंडाळ्या करून राह्यल्तो," रामभाऊ म्हणाले. "मंग थंड खोलीतून हे पाकीट आणलं, इथं ठेवलं. मंग लेकीच्या दवाखान्यातून फोन आल्ता. पुढचं काईच ध्यानात न्हाई."

मॅडमनी मला खूण केली. मी बाहेर जाऊन रामभाऊंनाच फोन लावला आणि सोमवारचीच बातमी पुन्हा दिली. "रामभाऊ, नात झाली! आजोबा झालात!"

चार दिवसांत पहिल्यांदा रामभाऊ हसले. फोन कान आणि खांद्यात धरला, "हो का? लेक बरीय ना माही?" असं बोलत राहिले आणि त्यांच्या हातांनी पाकीट फाडलं. ओला कागद ओढला. दहा, दहा, दहा, दहा. गुंडाळी केली, वर सतरा लिहिलं, कपाटात ठेवली आणि रिकामं पाकीट चुरगळून टोपलीत टाकलं. फोन खाली ठेवला तेव्हा त्यांना कळलं, सगळे त्यांच्या हातांकडे बघतायत.

मॅडमनी कपाट उघडलं. सतरा नंबरच्या चार गुंडाळ्या असायला हव्या होत्या. आत्ताची धरून सहा निघाल्या. पाचवी मॅडमनी टेबलावर हलकेच उलगडली. पांढरे कोंब, रांगेत! माझा जीव भांड्यात पडला. सय्यदभाई तर सरळ कुंड्या आणायला पळाले.

रामभाऊ डोळे पुसत वाकले आणि एकेका कोंबाला बोट लावत मोजायला लागले.

"चाळीसला चाळीस, मॅडम. शंभर टक्के उगवण. रिपोर्ट लिहून राह्यलो, सही करा!"