बाणांचा पेपर

बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेले तेव्हा इंग्रजी वाचता यायचं, लिहायला घेतलं की डोकं बंद. शाळा सगळी आमच्या गावी, कळसला, मराठीतून झालेली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "एकदा जरी नापास झालीस तर कॉलेज बंद." आबा एकदा बोलले की बोलले.

दुसऱ्या वर्षी वनस्पतिशास्त्राला तासिकेवरचे, म्हणजे तासाप्रमाणे पगार घेणारे, कायम नसलेले एक तरुण सर आले. चाचणीला म्हणाले, उत्तर लिहू नका, नकाशा काढा. धड्यातले शब्द चौकटीत मांडायचे, बाणांनी जोडायचे आणि प्रत्येक बाणावर एकच शब्द लिहायचा, कोण कुणाला काय करतं तेवढा. पोरं खिदळली. मला मात्र बरं वाटलं बाई, वाक्यांची कटकटच गेली. विषय होता मातीतला नत्र. हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी, त्यातले जिवाणू, हवा, पुढचं पीक, सगळं जोडत गेले. वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला पडले. सर म्हणाले, "तुला समजतंय की गं सगळं." असं मला तोवर कुणी म्हटलंच नव्हतं. मी हुरळून गेले.

वार्षिक परीक्षेत तोच प्रश्न आला, सविस्तर लिहा म्हणून. दोन ओळींत माझं इंग्रजी संपलं. मग काय, पट्टी घेऊन पानभर नकाशा काढला आणि हसत बाहेर पडले. निकालात तेवढाच विषय उडाला होता.

सरांनी कपाळाला हात लावला. "अगं, तपासणारा ओळी शोधतो. विद्यापीठाच्या पेपरात हे चालत नाही." मग हे आधी सांगायला काय झालं होतं? असा संताप आला मला.

ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं, पण आबांच्या लेखी नापास म्हणजे नापास. म्हणून सर स्वतःहून एसटीनं कळसला आले. ओसरीवर बसून म्हणाले, "तिला विषय चांगला येतो. ती नापास नाही."

आबांनी चहा पुढं सरकवला. "मग तसं लिहून द्या की, मास्तर. पास हाय म्हणून."

"तेवढा अधिकार मला नाही. मलाच पुढच्या वर्षी ठेवतील का, माहीत नाही."

"मग तुमचं कोण ऐकणार?" आबांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच वाईट. मी सरांकडं बघत राहिले. त्यांनी परतीची एसटी कधी आहे ते विचारलं.

आबांनी सांगितलं आणि मला म्हणाले, "तुझी पुस्तकं मास्तरांजवळ दे. कुणाच्या तरी उपयोगी पडतील."

मी आत गेले आणि ती पिशवीत भरली.