कामरगावच्या शेडमधली कथलाची पावडर

कथलाची पावडर एकदा अंगाला लागली की महिनाभर कुठून कुठून निघत राहते. सदऱ्याच्या शिवणीतून, कानातून, जेवणाच्या डब्यातून. आमच्या कामरगावच्या शेडमधले किस्सेही तसेच. एक झटकावा तर दुसरा पडतो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. गुलाबराव मिस्त्री आणि मी, दोघे भागीदार. वितळलेलं कथील इंजिनावर गरगर फिरणाऱ्या लोखंडी चकतीवर ओतायचं. चकती ते चहूकडे भिरकावते, थेंब हवेतच गार होतात आणि खाली पावडर पडते. ती कल्हईवाल्यांना विकणाऱ्या अकोल्याच्या एका शेठला पसंत पडली, तर शेड चालणार. नाहीतर मिस्त्री परत कापसाच्या जिनिंगमध्ये आणि मी शेतावर!

* * *

पहिल्या दिवशी चकती फारच सावकाश फिरली. पावडर कसली, चांगले टपोरे दाणे पडले. शेजारच्या कासाबाई दारातून बघत होत्या.

“मिस्त्री, बुंदी त झाली. आता पाक कधी करता?”

मिस्त्रीनं त्याच दिवशी पुली बदलली.

* * *

दसऱ्याला आम्ही चकतीची यथासांग पूजा केली. हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. दुसऱ्या दिवशी ते पुसायचं राहिलं आणि इंजिन सुरू केलं. क्षणात आम्ही दोघंही लालपिवळे.

मिस्त्री डोळे चोळत म्हणाले, “काल आपण तिले पूजलं, आज तिनं आपल्याले.”

* * *

मग माझी सोयरीक निघाली. धनजला मुलगी पाहायला गेलो. केस धुतले होते, तरी मुलीचे मामा माझ्या डोक्याकडे सारखे बघत होते. शेवटी मिस्त्रीच्या कानाशी लागले, “पोरगा वयस्कर दिसून राह्यला.”

मिस्त्री उठले आणि उपरण्यानं माझं डोकं सपासप झटकलं. सतरंजीवर चकाकती पावडर पडली.

“घ्या मामाजी, दहा वर्षं कमी केली.”

लग्न जमलं. बायको अजूनही माझे पिकलेले केस झटकून पाहते.

* * *

आणि एक दिवस शेठ स्वतः आले. पांढरंशुभ्र धोतर, बाहेर मोटार, मोटारीपाशी ड्रायव्हर. आज काय तो निकाल लागणार होता.

चकतीभोवती पत्रे होते, पण फटींतून एखादा तापलेला थेंब चकतीच्याच उंचीनं सरळ सुटायचा. म्हणून पळी उचलली की मिस्त्री आडोशामागून ओतणार आणि बाकी सगळे खाली मांडी घालून, पंगतीला बसल्यासारखे. हा आमचा नेमच होता.

मी बसलो. शेठ उभेच.

“शेठजी, खाली बसा,” मिस्त्री म्हणाले.

“मी उभाच बरा. तुमी ओता.”

“बसल्याबिगर नाई ओतत.”

“काहून? ऑर्डर नको काय तुमाले?”

“पायजे. पण उभ्या माणसासमोर नाई ओतत.” आणि मिस्त्रीनं पळीतलं कथील परत कढईत सोडलं.

मी मनातल्या मनात शेडला कुलूप घातलं. शेठ तरातरा दारापर्यंत गेले. तिथं वळून पत्र्यांच्या फटींकडे पाहिलं. मग परत आले, धोतर सावरलं आणि त्या मातीत माझ्या शेजारी मांडी घातली.

मिस्त्रीनं ओतलं. चकतीभोवती लखलखतं कडं उमटलं आणि पत्र्यांवर बारीक सरी वाजल्या. पळी रिकामी झाली. मी उठलो, कपडे झटकले. शेठ बसूनच.

मिस्त्रीनं हात पुढं केला. “उठा शेठजी, झालं.”

“अजून एक पळी होऊ द्या,” शेठ म्हणाले आणि बाहेर ड्रायव्हरला हाक मारली, “अरे, ये इकडं. खाली बस.”