शिंगमोड्या बैलाची मोजणी

एकोणीसशे साठच्या आसपास मी सरकारी मोजणीदार होतो. माणसांचा नव्हे, जनावरांचा. प्रकाशा नावाच्या गावाजवळच्या एका खेड्याची एक बाजू माझ्याकडे, दुसरी माझ्या जोडीदाराकडे. ज्याचं काम चोख निघेल त्याला धुळ्याच्या कचेरीत आकडेमोडीच्या यंत्रावर बसवणार होते. यंत्राला हाताचा दांडा आणि वर विजेचा पंखा. मला पंखा हवा होता. त्याहून जास्त, तो जोडीदाराला मिळायला नको होता.

जोडीदार तापीकाठच्या गुजर घरातला. दिवसभर हिंडूनही पायजम्याची इस्त्री मोडायची नाही. कुठेही टेकला की पुढ्यात केळी यायची. मला पाणीसुद्धा मागून घ्यावं लागे.

साहेबांनी बजावलं होतं, "गावाच्या पोटात गल्ली, गल्लीच्या पोटात घर, घराच्या पोटात गोठा. एक घर आतून पुरतं संपवल्याशिवाय पुढच्या उंबऱ्याकडे बघायचं नाही." जोडीदार अगदी तसंच करी. ओसरीवर बसून बैलापासून कोंबडीपर्यंत सगळं विचारी, मगच उठे. मला वाटलं, हा असा बसतोय तोवर मी याला गाठीन. मी क्रमच उलटा केला. आधी सगळ्या घरांतले नांगराचे बैल, मग पुन्हा पहिल्या घरापासून गाडीचे बैल, मग गाई, मग म्हशी. एका फेरीला एकच जात. बसायचं नाही, बोलायचं नाही. गोठ्यात डोकावलं, खूण केली, पुढे.

गाईंच्या फेरीत एका म्हातारीनं अडवलं. "भाऊसाहेब, मोजी ऱ्हायनात का काही हारपेल शोधी ऱ्हायनात?"

"सरकारी काम शे, मावशी."

"मंग तो दुसरा भाऊ काय करी ऱ्हायना? त्यानं तर जेवन बी करी लिधं!"

जेवणसुद्धा! मी चालण्याचं पळणं केलं.

साहेब तपासणीला आले. माझा कागद बघून म्हणाले, "तुमच्या बाजूला बैल काय झाडाला लागतात?" मला घेऊन थेट त्याच म्हातारीच्या दारात. गोठ्यात एक शिंग मोडलेला पांढरा बैल रवंथ करत होता.

"हा कुणाचा?"

"मन्हाच शे. पन नांगरले शेजारकडे जास, गाडीले मन्हा भाचाकडे. भाऊसाहेबनी सगळीकडे त्यालेच मोजं. मी सांगी देतू, पन भाऊसाहेब थांबतीन तवय ना!"

छोट्या शेतकऱ्याकडे एकच बैल. दुसरा शेजाऱ्याचा घेऊन जोडी जमवायची, हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? आमच्या घरचं औत वर्षानुवर्षं असंच चाललेलं. माझ्या फेऱ्या बदलत होत्या तसा बैलही दावं बदलत होता, आणि मी ईर्ष्येनं इतका पेटलेलो, की शिंगसुद्धा दिसलं नाही. जोडीदाराला ओसरीवरच कळायचं, 'एक मन्हा, दुसरा त्यान्हा'.

पंखा त्याला मिळाला. मला तेच गाव पुन्हा, घराघरानं.

तो निघाला त्या दिवशी त्याची ट्रंक एसटीपर्यंत पोचवायला म्हातारीच्या भाच्याची गाडी आली. जुवाला तोच शिंगमोड्या. मी मागून चालत मनोमन म्हणत होतो, एकदा तरी बुजून ट्रंक पाड रे बाबा, तुला एवढ्या वेळा मोजलंय मी!

गाडी अशी गेली, जणू रस्त्यावर तूप ओतलंय.